डिंकाची शेवंती

संपादकांनी कळवलं, "आजी, फुलांच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं लागतं." फुलं हलकी असतात असं वाटतं ते ज्यानं कधी पाटी डोक्यावरून वाहिली नाही त्याला. ओल्या शेवंतीची भरलेली पाटी घेऊन उत्रोलीच्या मळ्यातून भोरच्या मोटारीपर्यंत एकदा चाला, म्हणजे मान काय बोलते ते कळेल. तरी गमती मागितल्यात तर एक-दोन देते. मग मला जे सांगायचं आहे ते सांगते. त्यात हसण्यासारखं काही नाही.

आमचा मळा उत्रोलीला, ओढ्याच्या कडेला. चहूकडे भाताची खाचरं आणि मध्ये आमची शेवंती, गुलछडी, थोडा गुलाब. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची वर्षं. भोरहून पुण्याला सर्व्हिस मोटार जायची, तिच्या टपावर आमच्या पाट्या. मोटार वेळेवर सुटली तर नशीब, घाटात बंद पडली तर फुलांचा पालापाचोळा. पुण्यात मंडईतला दुकानदार पाटीवरचं फडकं उचलून नुसता हुंगायचा आणि म्हणायचा, "बाई, ही गाईला घाला."

फूल खुडलं की ते मरायला लागतं, इतकं साधं आहे. मुळाकडून पाणी यायचं थांबतं आणि वारा पाकळ्यांतलं पाणी पीत राहतो. आमचे सासरे केळीच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालीत, फुलं गुंडाळायचे, वर ओलं फडकं. त्यानं संध्याकाळपर्यंत निभायचं, पुढे नाही.

मला रस्ता दाखवला तो ठकूनं. ठकू म्हणजे धनगरीण, वेल्ह्याकडच्या डोंगरातली. तिचा नवरा भागू म्हशी राखायचा. दोघं डोंगर ओलांडून भोरच्या बाजाराला यायची, तूप, मेण आणि धावड्याचा डिंक विकायला. बाळंतिणीच्या लाडवात घालतात तोच डिंक. एकदा बाजाराच्या आदल्या दिवशी ती आमच्या मळ्यात टेकली, मी तिला एक शेवंती दिली. बाजार उरकून परतताना पुन्हा आली तर फूल अंबाड्यात तसंच, टवटवीत!

मी म्हटलं, "अगं ठकू, हे कालचंच का?"

"मंग काय रोज नवं देतीस व्हय? त्येच हाय."

"आणि सुकलं कसं नाही?"

"मला काय ठावं? डिंक निवडत हुते, तसल्याच चिकट हातानं माळलं."

ती पाणी पिऊन चालती झाली. मी मात्र त्या दिवशी भाकरी करपवली.

पुढे वर्षभर मी फुलं नासत बसले. आमचे मालक स्वभावानं गरीब, पण तेही एकदा म्हणाले, "अगं, इकायला ठेव काई, का सगळीच चिकटवणारंस?" शेवटी जमलं. डिंक कुटून रात्री मडक्यात भिजत घालायचा, सकाळी मलमलीतून गाळायचा, आणि पाणी इतकं पातळ ठेवायचं की बोटाला चिकटू नये, नुसतं निसटतं लागावं. त्यात फूल उलटं बुडवायचं, झटकायचं, सावलीत दोरीला उलटं टांगायचं. पाकळीवर दिसणार नाही अशी साय धरते आणि वाऱ्याचं पाणी पिणं बंद होतं. देठाचं कापलेलं टोक वितळलेल्या मेणात नुसतं टेकवायचं. मेण फार तापलं तर देठ शिजतो. एवढीच विद्या. आता कुणी शिकलेला माणूस मोठं नाव देऊन सांगतो तेव्हा मला मौज वाटते.

मंडईतल्या त्याच दुकानदारानं पहिल्यांदा ती फुलं पाहिली आणि एक फूल माझ्यादेखत कुस्करलं. "कागदाची आहेत का बघतोय," म्हणाला. मी म्हटलं, "बघून झालं असेल तर आता तुमचं पागोटं द्या, ते कापडाचं आहे का मी बघते." त्या दिवसापासून तो माझी पाटी पहिली उतरवून घ्यायचा.

दुसरी गंमत भोरातल्या एका लग्नातली. वैशाखाचं ऊन, नवरदेव घामानं निथळलेला. माझ्या फुलांचा हार त्याच्या गळ्यात, आणि हार काढायची वेळ आली तर तो उपरण्याला चिकटलेला! डिंकाला पाणी लागलं की तो जागा होतो, पाकिटाची कड जिभेनं ओली केल्यावर चिकटते तसा. करवल्यांनी ओढला तेव्हा नवरदेव बिचारा निम्मा उघडा पडला. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला बजावून सांगायची, "ह्या फुलांवर पाणी मारू नका, त्यांचं पाणी त्यांच्यापाशी आहे."

गमती संपल्या.

विंझरच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी एक गाव आहे. नाव लिहीत नाही, त्या लोकांची नातवंडं आज भली माणसं आहेत. गावाच्या वरच्या अंगाला ठकू-भागूची वस्ती, दोन-तीन खोपटं आणि म्हशींचा वाडा. गावात देवीचं देऊळ. त्या देवीला पांढरी शेवंतीच लागते. का, ते देवीलाच ठाऊक. त्या डोंगरात शेवंती नाही, म्हणून तिथल्या दौलत गुरवाचा मला निरोप आला की देवीला फुलं घेऊन या. वाटलं, पूजा असेल, हार असेल. मी नेहमीसारखी डिंकाची फुलं भरली. ठकूकडून डिंक आणि मेणही घ्यायचं होतं, म्हणून मीच निघाले. मोटारीनं नसरापूरपर्यंत, तिथून बैलगाडी, शेवटचा चढ पायी. फुलं गुरवाच्या घरी दिली, त्याच्या सुनेकडे. गुरव देवळात होता. सुनेला पाण्याचं बजावलं, पण घाईत असलेल्या बाईनं ते कितपत ऐकलं असेल कोण जाणे.

देवळापाशी गेले तर सगळं गाव जमलेलं. एका बाजूला, उन्हात, ठकू आणि भागू बसलेले. त्यांच्या आसपास कुणी नाही. ठकूनं मला पाहिलं आणि मान खाली घातली.

शेजारच्या म्हातारीनं सांगितलं. गावात गुरांची बुळकांडी आली होती, दावणीच्या दावणी रिकाम्या झाल्या. पाटलाची खिल्लारी जोडी गेली, जी त्यानं पोरासारखी वाढवली होती. आणि वर वस्तीवर भागूच्या म्हशी ठणठणीत. मग बोलणं सुरू झालं, की ठकूनं काहीतरी केलंय. ती पाला-मुळ्या जाणते, ती अमावास्येला ओढ्यावर दिसली, असलं सगळं. काही जणांना वस्ती त्याच दिवशी जाळायची होती. गुरवानं अडवलं, "आदी आईला इचारू." म्हणून आज कौल होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाणी लावून एकेक फूल चिकटवतात आणि प्रश्न घालतात. पाणी सुकत आलं की फूल निसटतं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

पाणी लावून. फूल चिकटवतात.

मी गर्दीतून पुढे घुसले. पण तोवर दौलत गुरवानं दोन्ही फुलं बसवली होती. माझीच फुलं. सरळ, पांढरी, ताजी. तो हात जोडून म्हणत होता, "आई, भागूची वस्ती हितं ऱ्हाऊ द्यायची आसंल तर उजवं दे. उठवायची आसंल तर डावं दे. लेकरांचा घोळ मिटीव."

फूल पडेना.

नेहमी आरती म्हणून होईस्तोवर पडतं, म्हातारी पुटपुटली. गुरवानं आरती म्हटली. पुन्हा गाऱ्हाणं घातलं. ऊन ओट्यावरून सरकलं. बायका खाली बसल्या, पुरुष उभे ते उभेच. दोन्ही फुलं दगडाला अशी धरून बसली होती की तिथंच उगवली असावीत. आणि मला ठाऊक होतं की आता ती उद्या सकाळपर्यंत पडणार नाहीत. पाणी सुकेल तसा डिंक आणखी घट्ट होणार.

बोलले तर काय होईल ते दिसत होतं. देवीच्या फुलाला काही लावायचं नसतं. नुसता वास घेतलेलं फूल चालत नाही, तिथं मी डिंकात बुचकळून आणलेलं! ही बातमी मोटारीच्या आधी भोरात पोचली असती, आणि आमच्या निम्म्या फुलांना गिऱ्हाईक देवळंच होती. मालकांची पाठ तेव्हा धरलेली, मळा माझ्यावर. मी स्वतःला म्हटलं, गप्प राहा. फूल पडलं नाही तर कौल झालाच नाही. लोक घरी जातील, उद्या बघतील.

तेवढ्यात पाटील बोलला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "गुरव, आई बोलत का न्हाई ठावं हाय का? तिचं त्वांड बांधलंय."

"पाटील, दम धरा—"

"म्या लई दम धरला. माजी बैलं माज्या हातावर गेली. आजवर कवा आसं झालंय का, आईनं एक बी फूल दिलं न्हाई? देवी बांदलीया. आन् बांदणारी त्ये काय बसलीया."

सगळ्या माना एकदम ठकूकडे वळल्या. मागच्या बाजूला कुणीतरी म्हणालं, "काड्यापेटी आना." दुसऱ्यानं कुंपणाची काठी उपटली. भागू उठून ठकूच्या पुढे उभा राहिला, हात जोडून. "मायबाप, सून पोटुशी हाय वर. तिला तरी खाली आनू द्या." ठकू नुसती देवीकडे बघत होती. पुढे मला कळलं, तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की आपल्या हातून खरंच काहीतरी घडलं असेल, नाहीतर आई अशी का करेल.

तिचं ते बघणं मला सहन झालं नाही. झालं नाही, बस्स. मी ओट्यावर चढले.

"देवी कुणी बांधली नाही! फुलाला डिंक आहे!"

कुणाला अर्थच लागेना. गुरव म्हणाला, "बाय, काय बोलतीस?"

"माझी फुलं आहेत ती. डिंकाच्या पाण्यातनं काढलेली, टिकावी म्हणून. त्यांना पाणी लागलं की ती चिकटतात. मला कौलाचं कुणी सांगितलं नव्हतं."

"ठकीची सोबतीण हाय ही!" मागून आवाज आला. "हिच्याकडंच जातो तिचा डिंक!"

आणि ते खरंच होतं की! तो डिंक भागूनंच धावड्यावरून काढलेला, ठकूनंच निवडलेला. तिचाच डिंक तिच्या मुळावर आला होता. पण तो विचार करायला वेळ नव्हता. सुनेनं आणून ओट्यावर ठेवलेल्या पाटीतलं मी एक फूल उचललं, तांब्यात बुडवलं आणि देवळाच्या दगडी खांबावर दाबलं. "हा खांब देवी आहे का? बघा आता हे पडतंय का." मग पाटलाला म्हटलं, "तुम्ही स्वतः लावा दुसरं. माझा हात नको."

पाटलानं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हा मला ओट्यावरून ढकलतो. पण त्यानं फूल घेतलं, ओलं केलं, खांबाला लावलं आणि तिथंच उभा राहिला. किती वेळ कोण जाणे. वारा आला तेव्हा झाडाचा पाला हलला, खांबावरची फुलं हलली नाहीत. पाटलानं बोटानं एक ओढलं, तर पाकळ्या हातात आल्या आणि बोंड खांबावरच राहिलं.

काठी कुणीतरी खाली टाकली. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो.

"मंग कौल कसा व्हायचा?" पाटील म्हणाला. आवाजातली धार गेली नव्हती. "कौल तर पायजेच. आज पायजे."

आता शेवंती कुठून आणायची? इथं मला माझ्या एका खोडीनं वाचवलं. दर पाटीत मी दोन फुलं कच्ची ठेवायची, काही न लावलेली, कर्दळीच्या पानात वेगळी बांधून, पोचल्यावर डिंकाच्या फुलांशी ताडून बघायला. पाटीच्या तळातून मी ते पान काढून सोडलं. दोन्ही मलूल झालेली, कडा तांबूस, माना टाकलेल्या. माझ्या धंद्यातली लाज म्हणावी अशी फुलं. ती मी गुरवाच्या ओंजळीत ठेवली.

गर्दीतून कुणी म्हणालं, "असली मेलेली फुलं देवीला?"

दौलत गुरव पहिल्यांदाच चिडला. "मेली तर मेली, खरी हायेत. आईला खरं चालतं." त्यानं आधीची फुलं पाण्यानं भिजवून भिजवून सोडवली, देवीचे खांदे धुऊन पुसून कोरडे केले, आणि नव्यानं कौल लावला.

मी त्याच्या अगदी बाजूला उभी होते. सगळं गाव देवीच्या तोंडाकडे बघत होतं. मी गुरवाच्या हाताकडे बघत होते, कारण जन्मभर मी फुलांना लागणारे हातच बघितलेत. डावं फूल त्यानं पाण्यात चांगलं बुडवलं आणि तळव्यानं दाबून बसवलं, पाकळी न पाकळी दगडाला टेकली. उजव्या फुलाला त्यानं अंगठ्यानं नुसतं टेकवल्यासारखं केलं. आणि तो अंगठा, मी शपथेवर सांगते, कोरडा होता.

त्याची माझी नजर झाली. त्यानं डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घालायला लागला. त्याचा आवाज इतका कळवळून येत होता, की मला वाटतं तो खरोखरच देवीला विचारत होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

तरी जीव टांगणीला होताच. मलूल फुलाचा काय भरवसा? डावं जड होतं. एकदा ते जरासं खाली सरकलं आणि ठकूच्या तोंडातून बारीक आवाज निघाला. ते थांबलं. मी मनात म्हणत होते, आई, त्याचा अंगठा खोटा पाडू नकोस.

उजवं पडलं. देवीच्या पायाशी, तोंड वर करून.

कुणी जयजयकार केला नाही. पाटलानं मुंडासं काढलं, ओट्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ वर केलं नाही. मग उठून भागूसमोर गेला. "ऱ्हावा," एवढंच म्हणाला. माझ्याजवळून जाताना थांबला. "आन् बाय, तुजं फूल पुन्यांदा ह्या देवळात न्हाई." मी म्हटलं, "बरं."

बातमी भोरला पोचलीच. देवळं एकेक करून बंद झाली. जे पुजारी कालपर्यंत "माळीणबाई, तुमची फुलं म्हणजे काय" म्हणायचे, ते पाटी बघून ओवळं चुकवल्यासारखे बाजूला व्हायला लागले. भाटघरच्या एका पुजाऱ्यानं तर माझ्या हातचं पाणी घेणंही सोडलं. राग आला. अजून येतो. मी कुणाला फसवलं नव्हतं, फूल टिकवलं होतं. पुढे लग्नाची आणि मंडईची गिऱ्हाइकं धरून मळा चालला, पण देवाच्या पायावर माझं फूल पडायचं ते बंद झालं, आणि माळ्याच्या घरात ह्याचं दुःख काय असतं ते दुसऱ्याला नाही कळायचं. दौलत गुरवाला मी पुन्हा कधी भेटले नाही. भेटले असते तरी अंगठ्याचं बोलले नसते.

ठकूच्या सुनेला मुलगी झाली. फुलांसाठी साठवलेला सगळा डिंक मी तुपात तळला, लाडू वळले आणि बाजाराला आलेल्या भागूबरोबर वर पाठवले.

पुढच्या शेवंतीच्या दिवसांत, पहाटे दारात ठकू. "माळीणबाय, देवीला फुलं पायजेत. कच्ची. काई न लावलेली."

"वेडी का काय? पोचेस्तोवर पाचोळा होईल."

"न्हाई हुनार. तू दे."

मी दवात भिजलेली फुलं खुडून सोपटात बांधून दिली. तिनं ती पदराखाली छातीशी धरली आणि निघाली. बांधापर्यंत चालत गेली, आणि मग पळायला लागली. डोंगरातल्या आडवाटेनं, पार देवीपर्यंत. फुलं पोचली तेव्हा दव तसंच होतं, असं भागू सांगायचा. वर्षानुवर्षं ती अशीच आली. मी डिंक, मेण, मलमल करत बसले, आणि ही बाई नुसत्या पायांनी फूल ताजं ठेवायची.

पाय थकल्यावर शेवटचं एकदा आली ती नातीला घेऊन. ह्यापुढे फुलं नात नेणार, म्हणाली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली, आणि इतक्या वर्षांत कधी काढला नव्हता तो विषय काढला.

"माळीणबाय, तू त्या दिशी जवळ हुतीस. मला लांबनं नीट दिसलं न्हाई. फूल दिताना आई हासली का गं?"

दौलत गुरवाचा कोरडा अंगठा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

"हसली," मी म्हटलं. "मी बघितलं."

"मंग मला दिसलं त्ये खरंच म्हनायचं," ठकू म्हणाली, आणि नातीच्या हातातली फुलं चाचपून बघत तिला म्हणाली, "चल, पळ आता."